वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नका: डिस्कवरील पार्श्वभूमीच्या कामांना लगाम घालण्याचा इतिहास

या टिपणाचा हेतू. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस हे दोन विषय ज्यांनी एकदा शिकले आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. ते वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी सांगता याव्यात: पार्श्वभूमीतील कामांमुळे डिस्क-वाचनाला उशीर का होतो, तो आटोक्यात ठेवण्याचे उपाय कोणत्या क्रमाने सुचत गेले, आणि यातला प्रत्येक उपाय कुठे अपुरा पडला.

१. एका रविवारची गोष्ट

मी जयपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने एका रविवारी सकाळी आठ वाजता ऑनलाइन सराव परीक्षा ठेवली होती. विभागाचा सर्व्हर साधाच. त्यात ४ टेराबाइटच्या दोन फिरत्या डिस्क होत्या आणि एकीवरचे सगळे दुसरीवरही राहावे म्हणून त्या रेड १ पद्धतीने जोडलेल्या होत्या. परीक्षा सुरू झाली आणि पाच मिनिटांत तक्रारी येऊ लागल्या. एकेक प्रश्न उघडायला वीस-वीस सेकंद लागत होते. मी पाहिले तर सीपीयू जवळजवळ रिकामा, मेमरी मोकळी, नेटवर्कवरही फारसा भार नाही. गावाहून परीक्षा देणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, तेव्हा ‘तुझ्याकडचेच नेट मंद असेल’ असे सांगून मी मोकळी झाले.

खरे कारण अर्ध्या तासाने सापडले. लिनक्सच्या डेबियन वितरणात तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी, रेडमधल्या डिस्कची तपासणी आपोआप सुरू होत असे. दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचून ताडून पाहिल्या जातात. ती तपासणी सकाळीही चालूच होती. परीक्षा देणारी मुले आणि ही तपासणी एकाच डिस्ककडे वाचन मागत होती आणि मुले मागे पडत होती.

तपासणीचे काम निरुपयोगी नव्हते. ते झाले नसते तर डिस्कवरचा एखादा खराब भाग कळायला पुढची दुर्घटना घडावी लागली असती. मग ती मुलांसाठी बाजूला का सरली नाही? त्याला कारण मीच होते. ते पाचव्या भागात सांगते. आधी मुळापासून सुरुवात करू.

२. अडचण नेमकी कुठे आहे

विनंती केल्यापासून उत्तर मिळेपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क घ्या. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड योग्य ट्रॅकवर नेण्यात आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडचे-तिकडचे एक वाचन साधारण १२.५ मिलिसेकंदांचे. सेकंदाला अशी ८० वाचने झाली की डिस्कची ताकद संपली.

आता रांगेचा विचार करा. रांगेच्या सर्वांत सोप्या प्रतिमानात सरासरी प्रतिसादकाळ म्हणजे सेवाकाळ भागिले डिस्कचा रिकामा अंश. डिस्क ५० टक्के व्यग्र असेल तर १२.५ चे २५ मिलिसेकंद होतात. ८० टक्क्यांना ६२.५, ९० टक्क्यांना १२५ आणि ९५ टक्क्यांना २५०. हे आकडे वहीत मांडून आलेख काढा. ‘डिस्क अजून ५ टक्के मोकळी आहे, तेवढ्यात बॅकअप उरकून घेऊ’ हा विचार किती महागात पडतो ते त्यावरून दिसेल.

दुसरी गोष्ट वाचन आणि लेखन यांतल्या फरकाची. प्रोग्रॅम लिहितो तेव्हा कर्नल तो मजकूर मेमरीत ठेवून घेते आणि प्रोग्रॅमला लगेच मोकळे करते. डिस्कवर तो सवडीने जातो. वाचनाला अशी सवलत नाही. मागितलेले हाती आल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नाही, आणि पुढचे काय वाचायचे हेही बऱ्याचदा आधीचे वाचल्यावरच ठरते. त्यामुळे लेखने हजारोंच्या झुंडीने येतात आणि वाचने एकेकटी. झुंडीपुढे एकट्याचा निभाव लागत नाही. या टिपणातला सगळा इतिहास त्या एकट्याची बाजू घेण्याचा आहे.

३. पहिला उपाय: रात्रीची वेळ

आयबीएमने १९५६ साली रॅमॅक यंत्रासोबत पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. ५० तबकड्या, सुमारे ५० लाख अक्षरे, आणि त्या सगळ्यांवर फिरणारा एक सरकता हात. एक नोंद मिळायला साधारण ६०० मिलिसेकंद लागत. डिस्क इतकी संथ असताना दोन प्रकारची कामे एकत्र चालवणे परवडण्यासारखे नव्हतेच. दिवसा ग्राहकांचे काम आणि रात्री हिशेब जुळवणे, प्रती काढणे, फायली नीट लावणे, अशी वाटणी आपसूक झाली. आपल्याकडच्या बँकांतला ‘डे-एंड’ हा शब्द याच पद्धतीतला.

हा उपाय आजही संपलेला नाही. रेल्वेची ऑनलाइन तिकीट विक्री २००२ मध्ये सुरू झाली आणि रात्री पावणेबारा ते बारा-वीस ही वेळ तिथे वर्षानुवर्षे बंदची म्हणून प्रवाशांना पाठ आहे. पण अशी वेळ प्रत्येकाला मिळत नाही. २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर पैसे पाठवण्याला दिवस-रात्र उरली नाही. आणि ‘रात्री कोणी नसते’ हा केवळ अंदाज असतो. आमचा रविवार आठवा. डेबियनच्या निर्मात्यांनी रविवारची मध्यरात्र निवडली ती योग्यच. परंतु डिस्क मोठ्या होत गेल्या, मध्यरात्रीचे काम सकाळपर्यंत लांबले, आणि रविवारी सकाळी परीक्षा असू शकते हे घड्याळाला कळत नाही.

४. दुसरा उपाय: रांगेचे नियम

रात्रीची वेळ मिळत नसेल तर एकाच रांगेत न्याय करावा लागतो. पीटर डेनिंग यांनी १९६७ मध्ये डिस्कच्या रांगेचे गणित मांडले. सर्वांत जवळची विनंती आधी घेतली तर एकूण काम वाढते, पण कडेच्या ट्रॅकवरची विनंती उपाशी राहू शकते. त्यावर स्कॅन ही पद्धत पुढे आली: हेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना वाटेतल्या सगळ्या विनंत्या घेत जायचे. लिफ्टही अशीच चालते, म्हणून लिनक्समध्ये या भागाचे नाव ‘एलिव्हेटर’ पडले.

मात्र लिफ्टला आत कोण चढले याच्याशी कर्तव्य नसते. जुन्या युनिक्समध्ये ‘अपडेट’ नावाची प्रक्रिया दर ३० सेकंदांनी मेमरीतले सगळे साचलेले लेखन एकदम डिस्ककडे ढकलत असे. त्या क्षणी ज्याला काही वाचायचे असेल तो झुंडीच्या मागे अडकायचा. जेफ्री मोगल यांनी १९९४ मध्ये हे मोजून दाखवले आणि सुचवले की सगळे एकदम न ढकलता प्रत्येक तुकडा त्याच्या-त्याच्या वयानुसार, थोडा-थोडा करून पाठवावा. काम तेवढेच राहते, फक्त पसरून होते. ही कल्पना पुढे पुन्हा भेटेल.

२००३ च्या डिसेंबरात लिनक्सची २.६ आवृत्ती आली, तेव्हा शेड्युलरला वाचन आणि लेखन यांतला भेद कळू लागला होता. येन्स आक्सबो यांच्या ‘डेडलाइन’ शेड्युलरमध्ये वाचनाला ५०० मिलिसेकंदांची मुदत, लेखनाला ५ सेकंदांची. दोन्ही आकडे बदलता येतात, परंतु त्यांचे दहास एक हे गुणोत्तरच पुरेसे बोलके आहे.

त्याआधी २००१ मध्ये राइस विद्यापीठातील सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. एखादा प्रोग्रॅम एक वाचन संपवून पुढचे वाचन मागण्याआधी क्षणभर विचार करतो. तेवढ्यात शेड्युलरला वाटते की याचे काम झाले, आणि तो हेड दुसरीकडे पाठवतो. उपाय असा की डिस्क काही मिलिसेकंद मुद्दाम रिकामी ठेवायची. रिकामे थांबल्याने एकूण काम वाढते, हे तुमच्या सहजबुद्धीला पटणार नाही. म्हणूनच ते लक्षात ठेवा. निक पिगिन यांनी ही कल्पना लिनक्समध्ये आणली.

२००५ पासून ‘आयओनाइस’ या आज्ञेने एखाद्या कामाला ‘आयडल’ वर्गात टाकता येऊ लागले: दुसरे कोणी मागत नसेल तेव्हाच याला डिस्क द्यायची. प्रश्न सुटला असे वाटावे असा हा टप्पा. पण एक मर्यादा राहिली आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

जयपूरहून पश्चिमेला निघालात की फुलेरा जंक्शन लागते. मालगाडी लूप लाइनवर उभी करून एक्स्प्रेस पुढे काढताना तुम्ही कुठल्याही अशा स्टेशनात पाहिले असेल. हे कधी शक्य होते? मालगाडी स्टेशनात असेपर्यंतच. ती पुढच्या ब्लॉकमध्ये शिरली की एक्स्प्रेस कितीही महत्त्वाची असो, मागेच थांबते. डिस्कचेही तसेच. विनंती कर्नलच्या रांगेत आहे तोवर तिचा क्रम बदलता येतो. ती डिस्कच्या स्वतःच्या रांगेत उतरली की परत बोलावता येत नाही, आणि तिथला क्रम डिस्क ठरवते. तिला तुमचे प्राधान्य बहुधा माहीतही नसते. म्हणून केवळ क्रम लावून भागत नाही. मुळात किती मालगाड्या पुढे सोडायच्या, यावरच मर्यादा हवी.

५. तिसरा उपाय: ठरावीक वेगमर्यादा

१९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली. एक डिस्क बिघडली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. पण उभा करायचा म्हणजे उरलेल्या डिस्क पूर्ण वाचायच्या, आणि ग्राहक तर त्याच डिस्ककडे वाचन मागत असतात. इथे पेच खराखुरा आहे. पुनर्बांधणी हळू केली तर तेवढ्या काळात दुसरी डिस्क जाण्याचा धोका. भराभर केली तर ग्राहक ताटकळणार.

व्यवहारात यावर आकडा घालून तडजोड झाली. १९९० च्या दशकातले वेरिटास कंपनीचे व्हॉल्यूम मॅनेजर घ्या. या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुढे पुण्यात होते आणि साठवणूक-तंत्राचे धडे पुण्यातल्या अनेक अभियंत्यांनी तिथे गिरवले. त्या सॉफ्टवेअरमध्ये आरसा-प्रत पुन्हा जुळवताना ‘स्लो’ हा पर्याय देता येई: दोन कॉपी-क्रियांमध्ये मुद्दाम विराम घ्यायचा.

लिनक्सच्या रेडमध्ये दोन आकडे असतात. ग्राहकांचे काही चालू नसेल तर पुनर्बांधणीने प्रत्येक डिस्कवर सेकंदाला जास्तीत जास्त २,००,००० किलोबाइटपर्यंत जायचे. ग्राहकांची ये-जा दिसली की मागे हटायचे. पण निदान १,००० किलोबाइट तरी करत राहायचे. याचा अर्थ काय होतो ते काढून पाहा. सेकंदाला १ मेगाबाइट या गतीने ४ टेराबाइटला ४० लाख सेकंद, म्हणजे ४६ दिवस लागतात. २०० मेगाबाइटच्या गतीने साडेपाच तास. पेचाची दोन टोके या दोन आकड्यांत आहेत.

आता माझी चूक. परीक्षेच्या काही महिने आधी आमची एक डिस्क बिघडली होती. नवी बसवल्यावर पुनर्बांधणी लवकर संपावी म्हणून मी किमान वेग १,००० चा १,००,००० केला, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी तो टिकावा म्हणून सेटिंगच्या फाइलमध्येही लिहून ठेवला. त्या दिवशी ते बरोबर होते. नंतर बदलायचे राहून गेले. पुढे त्या रविवारी तपासणीने ग्राहक पाहिले, पण मी घातलेल्या किमान मर्यादेखाली तिला उतरता येईना. ठरावीक आकड्याचा दोष हाच: तो ज्या परिस्थितीसाठी घातला ती निघून जाते आणि आकडा मागे राहतो.

डेटाबेसही याच वाटेने गेले. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती साचतात. त्या साफ करण्याच्या कामाला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. २००५ च्या ८.० आवृत्तीत यान वीक यांच्या कामामुळे व्हॅक्यूमला दमाने घ्यायला शिकवले गेले. प्रत्येक पानाच्या कामाला गुण; गुण २०० झाले की थोडी झोप. लिहावे लागणाऱ्या पानाला २० गुण आणि २० मिलिसेकंदांची झोप धरली, तर झोपेखेरीजचा वेळ सोडून देऊन सेकंदाला ५०० पाने होतात. ८ किलोबाइटच्या पानाला हा वेग सेकंदाला सुमारे ४ मेगाबाइटचा. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत स्वयंचलित व्हॅक्यूमची ही झोप २ मिलिसेकंदांवर आणली, म्हणजे मर्यादा दहापट सैल केली. डिस्क बदलल्या होत्या, आकडा मात्र जुन्या डिस्कच्या काळातला होता.

२००८ च्या ८.३ आवृत्तीत आणखी दोन गोष्टी झाल्या. एक, चेकपॉइंटचे लेखन एकदम न करता पुढच्या चेकपॉइंटपर्यंतच्या काळात पसरवले जाऊ लागले. मोगल यांची कल्पना नव्या ठिकाणी. दुसरी गोष्ट वेगळ्याच जातीची. पवन देवलासी यांनी ‘हॉट’ हे तंत्र आणले. त्यामुळे, इंडेक्समधले मूल्य बदलत नसेल आणि त्याच पानात जागा असेल तर, जुन्या प्रतींची जागा व्हॅक्यूमची वाट न पाहता परत वापरता येते. पार्श्वभूमीच्या कामाला लगाम घालण्याआधी ते काम मुळातच कमी करता येईल का, हा प्रश्न विचारायचा असतो. तो बहुतेक जण विसरतात.

६. दोन्ही बाजूंच्या चुका

लगाम नसेल तर काय होते, याचे उदाहरण २१ एप्रिल २०११ चे. अॅमेझॉनच्या अमेरिकेतील पूर्व विभागात नेटवर्कच्या एका चुकीच्या बदलामुळे साठवणुकीच्या अनेक नोड्सचा आपल्या प्रतींशी संपर्क तुटला. संपर्क परत आल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी नवी प्रत ठेवायला जागा शोधणे सुरू केले. मोकळी जागा संपली, तरी शोध चालूच राहिला. कंपनीने आपल्या अहवालात याला पुनःप्रतीकरणाचे वादळ म्हटले आणि अपयशानंतर नोड पुरेसे मागे हटत नव्हते हे मान्य केले. त्या क्षेत्रातले सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले. डेटा सुरक्षित राहावा म्हणून केलेल्या कामानेच तो वाचणे अशक्य केले.

लगाम जास्त झाला तर? पोस्टग्रेसमध्ये व्यवहार-क्रमांक ३२ बिटांचे असतात, आणि सुमारे २०० कोटी व्यवहारांच्या आत जुन्या ओळी व्हॅक्यूमने ‘गोठवाव्या’ लागतात. व्हॅक्यूम मागे पडत गेला तर एका टप्प्यावर डेटाबेस नवे लेखन घेणेच थांबवतो. सेन्ट्री या सेवेवर जुलै २०१५ मध्ये आणि मँड्रिल या ईमेल सेवेवर फेब्रुवारी २०१९ मध्ये ही वेळ आली, आणि दोन्ही कंपन्यांनी ते उघडपणे सांगितले.

कॅसँड्रासारख्या डेटाबेसात हा धडा आणखी जवळून दिसतो. हा डेटाबेस अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये रचला आणि २००८ मध्ये खुला झाला. इथे लेखन नव्या-नव्या फायलींत होते आणि त्या फायली एकत्र करण्याचे काम, म्हणजे कॉम्पॅक्शन, मागाहून होते. त्याला सेकंदाला १६ मेगाबाइटची मर्यादा घातलेली होती. २०२१ च्या ४.० आवृत्तीत ती ६४ झाली. समजा तुम्ही वाचन जलद राहावे म्हणून कॉम्पॅक्शन फारच आवळले. फायली साचतात. मग एक ओळ शोधायला दोनऐवजी वीस फायली पाहाव्या लागतात, आणि ज्या वाचनासाठी लगाम घातला तेच वाचन मंदावते.

म्हणून हे वाक्य लिहून ठेवा: पार्श्वभूमीतील काम म्हणजे कर्ज असते. हप्ता लहान करता येतो, पुढे ढकलता येतो, बुडवता येत नाही.

७. चौथा उपाय: मोजून लगाम

घड्याळ, रांगेचा क्रम, वेगाचा आकडा या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. वाचणाऱ्याला प्रत्यक्ष किती थांबावे लागते, हे कोणी विचारत नाही. विचारले तर काय होते?

थोडे मागे, २००७ मध्ये जाऊ. अॅमेझॉनने आपल्या डायनॅमो या साठवणूक-यंत्रणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लेखकांत वर उल्लेख आलेले लक्ष्मण होते, तसेच स्वामिनाथन शिवसुब्रमणियन होते. त्या निबंधातला एक छोटासा भाग आपल्या विषयाचा आहे. प्रती जुळवणे, डेटा एका नोडवरून दुसऱ्यावर हलवणे अशा कामांना तिथे आधी परवानगी घ्यावी लागते. परवानगी देणारा नियंत्रक ग्राहकांच्या वाचनाला लागणारा वेळ सतत पाहतो: गेल्या ६० सेकंदांतील ९९ व्या शतमकाची लेटन्सी ठरवलेल्या उंबरठ्याच्या, समजा ५० मिलिसेकंदांच्या, किती जवळ आली आहे? जवळ येत असेल तर पार्श्वभूमीच्या कामांना मिळणारे वाटे कमी; दूर असेल तर जास्त. आकडा आहेच, पण तो कामाच्या वेगाचा नाही, वाचणाऱ्याच्या प्रतीक्षेचा आहे. या एका बदलात इतिहासाने वळण घेतले असे मी मानते.

९९ वे शतमक कशासाठी, सरासरी का नाही? जेफ डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये दिलेला हिशेब करून पाहा. शंभर विनंत्यांतील एकच मंद आहे असे समजा. आता एका पानासाठी शंभर सर्व्हरना विचारावे लागते. सगळे वेळेवर येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. उरलेल्या ६३ टक्के वेळा पान मंद! सरासरीत न दिसणारी ती एक विनंतीच बहुतेकांच्या वाट्याला येते.

लिनक्स कर्नलमध्ये हा विचार फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत आला. पुन्हा येन्स आक्सबो. त्यांनी प्रेरणा घेतली ती संगणक नेटवर्कमधून. राउटरमध्ये रांगा फुगल्याने होणाऱ्या उशिरावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रीत सुचवली होती: रांगेची लांबी पाहू नका, रांगेत गेलेला वेळ पाहा, आणि एका कालखंडातला किमान वेळ पाहा. किमान का? कारण सर्वांत नशीबवान विनंतीलाही थांबावे लागले असेल, तर ती क्षणिक झुंड नाही, कायमची गर्दी आहे. आक्सबो यांच्या रचनेत कर्नल साधारण १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत वाचनाचा किमान वेळ मोजते. तो फ्लॅश डिस्कवर २ किंवा फिरत्या डिस्कवर ७५ मिलिसेकंदांच्या वर गेला, की मेमरीतून डिस्ककडे एका वेळी किती लेखने सोडायची ती संख्या घटवते. मालगाड्या स्टेशनातच थांबवल्या जातात, आणि त्या किती थांबवायच्या हे एक्स्प्रेसचा उशीर ठरवतो.

पुढे २०१८ मध्ये जोसेफ बाचिक यांनी प्रत्येक गटाला स्वतःचे लेटन्सी-लक्ष्य देण्याची सोय केली, आणि २०१९ मध्ये तेजुन हो यांनी प्रत्येक विनंतीला डिस्कच्या वेळाची अंदाजित किंमत लावून त्यानुसार वाटणी करणारा नियंत्रक आणला.

८. फ्लॅश आल्याने प्रश्न संपला का

एसएसडीला फिरता भाग नाही आणि तिचे वाचन मिलिसेकंदाच्या अंशात होते. त्यामुळे हा धडा जुना झाला असे विद्यार्थी नेहमी म्हणतात. पण फ्लॅशमध्ये एकदा लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो आणि पुसायला काही मिलिसेकंद जातात. त्यासाठी आतला कंट्रोलर चांगली पाने इकडून तिकडे हलवत राहतो. म्हणजे पार्श्वभूमीतील काम संपले नाही. ते डिस्कच्या पोटात गेले, जिथे तुमचा शेड्युलर पोहोचत नाही. एखादे वाचन पुसण्याच्या कामामागे अडकले तर नेहमीच्या कित्येक पट उशीर होतो. काही डिस्कमध्ये पुसणे मध्येच थांबवून वाचनाला वाट देण्याची सोय असते, ती यासाठीच.

दुसरा मार्ग वेगळ्या रुळांचा. जानेवारी २०२१ मध्ये नवे रेवाडी ते नवे मदार हा समर्पित मालवाहतूक मार्गाचा ३०६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो फुलेऱ्यावरून जातो. मालगाड्यांना स्वतंत्र मार्ग मिळाला की लूपमध्ये उभे राहण्याचा प्रश्न हलका होतो. लॉग एका डिस्कवर आणि डेटा दुसरीवर, बॅकअप मुख्य सर्व्हरऐवजी प्रतीवरून, हे उपाय याच जातीचे. ते उत्तम आहेत, पण त्यांना पैसे लागतात, आणि सगळ्या महाविद्यालयांकडे ते नसतात.

९. समारोप

चारही उपाय आज एकत्र नांदतात. कोणता कधी वापरायचा हे ठरवताना तीन प्रश्न विचारा. हे काम कमी करता येईल का? वाचणाऱ्याला किती थांबावे लागते ते मी मोजते किंवा मोजतो आहे का? आणि लगामामुळे कर्ज साचत नाही ना, हे कळायला माझ्याकडे काही साधन आहे का?

त्या रविवारी मी सीपीयू पाहिला, मेमरी पाहिली, नेटवर्क पाहिले. डिस्कवरच्या वाचनाला लागणारा वेळ पाहिला नाही. तपासणी थांबवल्यावर पाने लगेच उघडू लागली, पण ‘तुझे नेट मंद असेल’ हे वाक्य मागे घ्यायला मला दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन करावा लागला. तिचे नेट ठीक होते. विभागाने परीक्षा पुन्हा घेतली. थांबवलेली तपासणी मी पुढच्या शनिवारी रात्री पूर्ण करून घेतली, किमान वेग पुन्हा १,००० वर आणून.

स्वाध्याय

१. सेवाकाळ १२.५ मिलिसेकंद धरून ग्राहकांचा भार ४० टक्के आणि तपासणीचा भार अनुक्रमे १०, ३० व ५० टक्के असताना सरासरी प्रतिसादकाळ काढा. तपासणीला किती वाटा द्याल आणि का?

२. तुमच्या प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर मोठी फाइल कॉपी करताना दुसरीकडे लहान-लहान वाचनांचा वेळ मोजा. मग तीच कॉपी ‘आयडल’ वर्गात चालवा. फरक पडला का? न पडल्यास तो संगणक कोणता शेड्युलर वापरतो ते तपासा आणि कारण लिहा.

३. डायनॅमोचा नियंत्रक ९९ वे शतमक पाहतो आणि कर्नलमधला लेखन-लगाम किमान वेळ पाहतो. दोघांचे हेतू कसे वेगळे आहेत ते दहा ओळींत सांगा.

४. दहा डिस्कच्या रेडमध्ये एक डिस्क बिघडली आहे आणि दोन दिवसांनी निकाल जाहीर व्हायचा आहे. पुनर्बांधणीचा वेग तुम्ही कसा ठरवाल? निकालाच्या दिवशी तो कोण बदलेल, आणि नंतर पूर्ववत कोण करेल, हेही लिहा.